पणजीचं थडगं कुठल्या टेकडीवर?

वाचकाचं पत्र:

"मी मूळची सांगलीची. लग्न होऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून अमेरिकेत, टेनेसी राज्यात नॉक्सव्हिलला असते. नवरा इथलाच, डोंगराकडच्या घराण्यातला. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्यांचं माहेर स्मोकी पर्वताच्या पलीकडच्या अंगाला, नॉर्थ कॅरोलिनात हेझल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी होतं. फाँटाना धरण झालं आणि सगळी वस्ती उठली. तेव्हा सासूबाई तीन वर्षांच्या, आईच्या कडेवर. त्यांची आजी, म्हणजे माझ्या नवऱ्याची पणजी, १९१९ साली तापाच्या साथीत गेली आणि पाठोपाठ तिचं तान्हं बाळही. 'दोघांना वर टेकडीवर पुरलं' यापलीकडे घरात कोणालाच काही माहीत नाही. आता सासूबाई म्हणतात, एकदा तिथं फूल ठेवायचंय. एका संकेतस्थळावर पणजीच्या नावाची नोंद सापडली, पण दगडाचा फोटो नाही. सुरुवात कुठून करू? या वयात त्यांना डोंगरात न्यावं का? माझ्या माहेरचे म्हणतात, दुसऱ्यांच्या स्मशानात तू कशाला फिरतेस? नऊ वर्षांची लेक मात्र रोज विचारते, कधी जायचं?"

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी आईला फोन लावला. तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा तिचं गाव उठून दुसऱ्या तालुक्यात गेलं. ग्रामदैवत सोबत गेलं, जाती-पाटे गेले, गुरं गेली. नदीकाठची मसणवट मात्र तिथंच राहिली. आई आज त्र्याऐंशीची आहे आणि अजून "आमच्या खालच्या गावात" असंच म्हणते, जणू पायवाटेनं उतरलं की ते गाव लागेल. तुमच्या सासूबाईंबद्दल सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "बाईला लवकर घेऊन जा म्हणावं."

मी पश्चिम नॉर्थ कॅरोलिनात बावीस वर्षं राहिले. त्यातली नऊ वर्षं तिथल्या एका वाचनालयाच्या वंशावळीच्या विभागात आठवड्यातून दोन दिवस मदतनीस म्हणून बसायची. तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन आलेली माणसं खूप पाहिली. बरीचशी थेट बूट घालून डोंगरात निघालेली असायची, आणि चुकायचं ते तिथंच. डोंगर सगळ्यात शेवटी. आधी माणसं, मग कागद.

पण तिथलं एक त्रांगडं आधी समजून घ्या, म्हणजे शोध कुठल्या दिशेनं न्यायचा ते कळेल. फाँटाना धरणाचं काम युद्धाच्या धामधुमीत, जानेवारी १९४२ मध्ये सुरू झालं. अॅल्युमिनियमच्या कारखान्यांना वीज हवी होती. टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी महामंडळानं, तिकडे सगळे नुसतं टीव्हीए म्हणतात, ४८० फूट उंचीची भिंत बांधली आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये पाणी अडवलं. काही घरं आणि शेतं पाण्याखाली गेली. पण बऱ्याच वस्त्या पाण्याच्या रेषेच्या वर होत्या. त्या बुडाल्या नाहीत, बुडाला तो तिथं जाणारा एकमेव रस्ता. रस्ताच नाही म्हणून वरच्या लोकांनाही उठवलं, आणि १९४३ च्या करारानं सुमारे ४४,००० एकर जमीन ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात गेली. युद्ध संपलं की नवा रस्ता बांधून देऊ, असं त्या करारात लिहिलेलं होतं. ब्रायसन सिटी या जवळच्या गावाच्या बाजूनं काही मैल रस्ता झाला, एक बोगदाही झाला आणि काम थांबलं. त्या रस्त्याला लोक आजही 'कुठंच न जाणारा रस्ता' म्हणतात. २०१० मध्ये सरकारनं रस्त्याऐवजी स्वेन काऊंटीला, म्हणजे हेझल क्रीक ज्या जिल्ह्यात येतं त्याला, ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, तोवर ज्यांना वचन दिलं होतं त्यातले बहुतेक जण गेलेले होते. मला याचा राग येतो, अजूनही येतो. रस्ता काही कोणाला फिरायला नको होता. आईबापांच्या थडग्यांपर्यंत जायला हवा होता.

म्हणजे पणजीच्या बाबतीत दोन शक्यता. थडगं पाण्याच्या रेषेखाली होतं, तर ते बहुधा उकरून दुसरीकडे नेलं असेल. वर होतं, तर ते आजही तिथंच असेल, तलावाच्या पलीकडच्या काठावर, जंगलात. त्या उत्तर काठाला अशा पंचवीसहून अधिक जुन्या दफनभूमी आहेत. तुमच्या घरात 'वर टेकडीवर' एवढे शब्द टिकून राहिलेत, ते मी हलके मानणार नाही. पण त्यावर विसंबून लगेच नावेतही बसणार नाही, कारण त्या डोंगरात दफनभूमी बहुतेक टेकडीवरच असायची. खालची सपाट जमीन मक्यासाठी लागायची आणि ओढ्याला पूर यायचा.

आता माणसं. सासूबाई तेव्हा तीन वर्षांच्या, त्यांच्याकडे स्वतःची आठवण नसणार, ऐकीव असेल. पण त्यांच्याहून मोठी चुलत-आते-मामे भावंडं कोणी आहेत का? नव्वदीतली एखादी तरी व्यक्ती निघेल. तिला या आठवड्यातच गाठा. आणि गाठल्यावर "थडगं कुठंय?" असं विचारू नका. त्याला "कुठंतरी वर" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, लहानपणी फुलं वाहायला जायचात तेव्हा घरातून निघून कुठल्या हाताला वळायचात? ओढा किती वेळा ओलांडावा लागायचा? प्यायचं पाणी कुठून न्यायचं? खड्डा कोणी खणला होता, जमीन कोणाची होती, शेजारी आणखी कोण पुरलेलं? पायांची आणि पोटाची आठवण नावांच्या आठवणीपेक्षा जास्त टिकते. एका आजोबांना स्वतःच्या आत्याचं नाव आठवत नव्हतं, पण "तिथं पोचायच्या आधी एका कुंपणावर चढायला लागायचं आणि मला खाली उतरता यायचं नाही" हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. त्या कुंपणावरून आम्ही जमिनीचा जुना मालक काढला आणि मालकावरून जागा.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. घरातले जुने फोटो काढून मागच्या बाजू बघा. डोंगराची कड दिसणारा एखादा फोटो असेल तर तो सोन्यासारखा जपा. कड बदलत नाही. कुटुंबाचं जुनं बायबल कोणाकडे आहे तेही विचारा. आपल्याकडे जन्मवेळ पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवायचे, तसं तिथं जन्म-मृत्यू बायबलच्या पानांवर लिहायचे.

कागदांत पहिला मृत्यूचा दाखला. नॉर्थ कॅरोलिनात राज्यपातळीवरची नोंदणी १९१३ मध्ये सुरू झाली, म्हणजे १९१९ चा दाखला असण्याची शक्यता चांगली आहे. दुर्गम भागात सुरुवातीची काही वर्षं सगळे मृत्यू नोंदले गेले नाहीत, तेव्हा सापडला नाही म्हणून खचू नका. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर त्या काळच्या दाखल्यांच्या प्रती फुकट बघता येतात. स्वेन काऊंटीत शोधा आणि आडनावाची स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी घालून बघा, कारण लिहिणाऱ्यानं कानावर आलं तसं लिहिलेलं असतं. बाळाचं नाव ठेवलेलंच नसेल, तर नोंद बापाच्या नावावर 'अमक्याचं अर्भक' अशी असेल. दाखल्यावर दफनाच्या जागेसाठी एक ओळ असते. तिथं दफनभूमीचं नाव असलं तर निम्मं काम झालं. बरेचदा तिथं नुसतं 'घरची' किंवा ओढ्याचं नाव असतं. तेही पुष्कळ आहे. कुठल्या ओढ्याच्या खोऱ्यात शोधायचं ते कळतं. माहिती देणाऱ्याचं नावही टिपून घ्या, तो बहुतेक शेजारी किंवा दीर असतो आणि त्याची जमीन शेजारीच असते.

त्यामागचं शोधायचं झालं तर एक ध्यानात ठेवा. स्वेन काऊंटी १८७१ मध्ये जॅक्सन आणि मेकन या दोन काऊंट्यांचे तुकडे काढून केली. पणजीच्या आईवडिलांचे कागद त्यामुळे शेजारच्या कचेरीत पडलेले असू शकतात. माणसं जागची हलली नाहीत, हद्द हलली. जमिनीची जुनी खरेदीखतंही वाचून बघा. 'अर्धा एकर दफनभूमी वगळून' असा एखादा तुकडा मध्येच येतो, आणि कधीकधी घराण्याच्या थडग्यांचा तेवढाच एक लेखी पुरावा उरलेला असतो.

मग टीव्हीएचे कागद. माझ्या मते तुमच्या शोधाचं सगळ्यात मोठं दार हेच आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. धरण बांधण्याआधी टीव्हीएची माणसं खोऱ्यातल्या दफनभूमी पिंजून काढायची. दर थडग्याची नोंद करायची, कोणाचं आहे, जवळचा नातेवाईक कोण, हलवायचं की राहू द्यायचं. नातेवाईकाला विचारलं जायचं. हलवलं असेल तर कुठं नेलं तेही लिहिलेलं असतं. टीव्हीएच्या संकेतस्थळावर या नोंदी शोधता येतात, आणि मूळ कागद अटलांटाजवळच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पणजीचं आडनाव, पणजोबांचं आडनाव आणि सासूबाईंच्या वडिलांचं नाव, तिन्हींनी शोधा. 'जवळचा नातेवाईक' या रकान्यात सासूबाईंच्या वडिलांची सही निघाली, तर तो कागद छापून त्यांच्या हातात द्या. थडगं सापडो न सापडो, पंचवीसेक वर्षांनी मुलानं आईविषयी काय ठरवलं ते त्यात असेल.

थडगं हलवलं असेल तर ते ब्रायसन सिटीजवळच्या लॉवाडा दफनभूमीत असण्याची शक्यता आहे. फाँटानाच्या खोऱ्यातली बरीच थडगी तिथं नेली होती. तसं निघालं तर गाडीनं थेट जाता येतं, आणि सासूबाईंच्या चढण्या-उतरण्याची चिंताच मिटली.

नाही हलवलं, तर डोंगर.

जंगलातली जुनी दफनभूमी ओळखायला मला एका झाडोऱ्यानं शिकवलं. फेब्रुवारी-मार्चला गेलात तर पानगळ झालेली असते, सगळं करडं-तपकिरी. आणि त्यात अचानक एक हिरवागार गालिचा दिसतो, जमिनीला चिकटलेला वेल, चकचकीत बारीक पानं, निळं-जांभळं पाच पाकळ्यांचं फूल. त्याचं इंग्रजी नाव पेरिविंकल. आपल्या दारातल्या सदाफुलीलाही इंग्रजीत पेरिविंकलच म्हणतात. दोघी एकाच कुळातल्या. डोंगरातल्या लोकांनी ती थडग्यांवर लावली, कारण ती बारा महिने हिरवी राहते आणि एकदा लागली की कोणी पाणी घालायची गरज नाही. घरं गेली, कुंपणं कुजली, पण सदाफुलीची ही बहीण ऐंशी-नव्वद वर्षं तिथंच पसरत राहिली. तिच्यासोबत युका नावाचं तलवारीसारख्या पात्यांचं झाड किंवा एखादा जुना सीडर दिसला, तर तिथं थांबा आणि पाऊल जपून टाका.

मग जमीन बघा. लांबट, माणसाच्या मापाचे खोलगट भाग, ओळीनं, सगळे पूर्व-पश्चिम. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठताना तोंड उगवतीला असावं, अशी त्यांची श्रद्धा. डोक्याशी एक दगड, पायाशी एक लहान. दोन दगडांमधलं अंतर हातभरच असेल तर ते लेकरू. १९१८-१९ च्या साथीच्या वेळी घडवलेला दगड आणायला ना पैसा होता ना वेळ. शेतातलाच एखादा चपटा दगड उभा करायचे, बहुतेकांवर अक्षर नाही. तुमच्या पणजीचा दगडही तसाच असेल, अशी मनाची तयारी करून जा. शेजारी शेजारी एक मोठी आणि एक हातभर जागा दिसली, तर तुमच्या मनात काय येईल ते मला कळतं. तरीही लगेच नाव ठरवू नका. त्या साथीत आई आणि बाळ फक्त तुमच्याच घरातली गेली नव्हती.

त्या डोंगरात त्याआधी चेरोकी लोक राहत होते. १८३८ मध्ये त्यातल्या बहुसंख्यांना बळानं पश्चिमेकडे हाकललं, थोडे मागे राहिले आणि त्यांचे वंशज आजही शेजारच्याच खोऱ्यात आहेत. गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांनाही पुष्कळदा दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलेलं असायचं. तेव्हा कडेला, झाडीत दगडांचा ढीग दिसला तर तो शेतातून वेचून टाकलेला कचरा समजून पाय देऊ नका. दगड हलवू नका, आडवा पडलेला उभा करू नका, आठवण म्हणून खिशात घालू नका. तुम्ही राष्ट्रीय उद्यानात असाल, तिथं तो गुन्हाही आहे.

दगडावर अक्षरं असली तर ती वाचायची कशी, हे मी चुकून शिकले. पहिल्याच वर्षी एका पुसट दगडावर मी खडू घासला, अक्षरं दिसावीत म्हणून. शेजारच्या ओळीत एक म्हाताऱ्या बाई फुलं ठेवत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, उठून आल्या, माझ्या हातातला खडू हळूच काढून घेतला. मग पर्समधून पावडर लावायचा छोटा आरसा काढला, बाजूला उभं राहून ऊन त्या दगडावर आडवं पाडलं. काय सांगू, नुसता खरबरीत दिसणारा दगड, त्यावर एकेक अक्षर सावली धरून उभं राहिलं. नाव, साल, आणि खाली '३ वर्षं २ महिने ११ दिवस'. मुलीचं थडगं होतं. त्यातलं 'एन' अक्षर उलटं कोरलेलं. कोरणाऱ्याला लिहिता-वाचता येत नसेल, समोर धरलेल्या कागदावर बघून त्यानं छिन्नी चालवली असेल. बहुधा बापच. बाई म्हणाल्या, खडू दगडात मुरतो, पुढच्या माणसाला मग काहीच वाचता येत नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत आरसा असतो. तुम्हीही न्या. तारेचा ब्रश, ब्लीच, दाढीचा फेस यातलं काही नको. फार तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही दगड घट्ट असेल तरच. त्यावरची राखाडी-हिरवी खपली नखानं खरवडायचा मोह होतो. ते दगडफूल, आपल्या काळ्या मसाल्यात पडतं त्याचंच भाऊबंद. ओढून काढलं की दगडाचा पापुद्रा आणि त्यावरचं अक्षर दोन्ही घेऊन जातं. वय असं वर्षं-महिने-दिवसांत कोरलेलं असेल तर मृत्यूच्या तारखेतून वजा करा, जन्मतारीख हाती येते.

कोणीतरी तुम्हाला दोन वाकवलेल्या तारा हातात धरून थडगं दाखवायला येईल. आपल्याकडचा पाणाड्या फांदी घेऊन विहिरीची जागा दाखवतो ना, तसंच. भला माणूस असेल, मनापासून करत असेल. त्याचा मान ठेवा, पण त्याच्या तारा वाकल्या त्या जागी नाव लिहू नका.

संकेतस्थळावरच्या त्या नोंदीबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. अशा ठिकाणी कोणीही नोंद करू शकतं. फोटो नसलेली नोंद म्हणजे कोणीतरी कुठंतरी ऐकलं किंवा वाचलं, इतकंच. नोंद करणाऱ्याला नम्रपणे लिहून विचारा, ही जागा तुम्हाला कुठून कळली? तो तुमच्या नवऱ्याचा दूरचा भाऊ निघेल, असंही होतं. मी तीनदा पाहिलंय. आणि तुम्ही स्वतः काही लिहाल तेव्हा 'सांगोवांगी', 'दाखल्यावरून', 'दगडावर वाचलं' असं प्रत्येक गोष्टीपुढे लिहा. तुम्ही आज भावनेच्या भरात एका अक्षर नसलेल्या दगडाला पणजीचं नाव दिलंत, तर तुमच्या नातवंडांसाठी तो पुरावा होईल, आणि त्या दगडाखाली जी कोणी बाई आहे तिच्या घरच्यांना ती कधीच सापडणार नाही.

आता सासूबाईंना न्यावं का? न्या. हे मी बिनदिक्कत सांगते, आणि एकट्यानं न्यायचं नाही म्हणून अधिकच जोरानं सांगते. त्या सगळ्या डोंगराळ भागात एक जुनी रीत आहे, तिला डेकोरेशन डे म्हणतात. साधारण मे महिन्यापासून पुढे काही महिने दर दफनभूमीचा एकेक रविवार ठरलेला असतो. त्या दिवशी घराण्यातली माणसं जमतात, गवत काढतात, थडग्यावर माती ओढून उंचवटा करतात, फुलं वाहतात, भजनं म्हणतात आणि झाडाखाली फळ्यांची लांब टेबलं मांडून एकत्र जेवतात. पूर्वी फुलं क्रेप कागदाची करायचे आणि पावसानं रंग जाऊ नये म्हणून मेणात बुडवायचे. फाँटानाच्या उत्तर काठावर रस्ताच नसल्यानं ही रीत बरीच वर्षं तुटली होती. मग १९७० च्या दशकाच्या शेवटी विस्थापितांच्या लेकींनी पुढाकार घेतला आणि उद्यानाला पाठपुरावा करून ती पुन्हा सुरू करवली. आता ठरलेल्या रविवारी उद्यानाची माणसं लोकांना नावेतून तलावापलीकडे नेतात, आणि पुढे ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीतून जमेल तितकं वर सोडतात. शेवटचा चढ मात्र पायीच असतो, आणि काही ठिकाणी छातीवर येणारा. हेझल क्रीकच्या दिवसाची तारीख उद्यानाच्या कार्यालयातून आधी विचारून घ्या, सासूबाईंचं वय सांगा, कुठल्या दफनभूमीला चढ कमी आहे ते विचारा. घडीची खुर्ची, टोपी, पाणी, औषधं आणि लांब पायजमा. गोचिडी असतात, घरी आल्यावर लेकीच्या केसांतसुद्धा बघा.

मी गेले त्या वर्षी साठेक माणसं होती. सत्तरीतला एक माणूस कुदळीनं एका थडग्यावर माती ओढत होता, आपण भाताच्या वाफ्याची कड नीट करतो तशी, हलक्या हातानं, पुन्हा पुन्हा थापटून. मी विचारलं, तुमचे कोण? तो म्हणाला, माहीत नाही, याच्यावर नाव नाही, म्हणून आधी याचं करतो. त्या दिवशी तिथल्या एकाही दगडाला फुलाशिवाय ठेवलं नव्हतं, नाव असलेल्या आणि नसलेल्याही.

म्हणून म्हणते, थडगं नक्की सापडेपर्यंत सासूबाईंना घरी बसवून ठेवू नका. नेमका दगड कळेल न कळेल. खोरं कळलंय. त्या दिवशी तिथं त्यांच्याहून थोडी मोठी माणसंही असतील, ज्यांच्या कडेवर बसून त्या कदाचित खेळल्या असतील. माझ्या अनुभवात दगडापेक्षा जास्त शोध जेवणाच्या टेबलाशी लागतात. सासूबाईंचं माहेरचं आडनाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांच्या पदराला, म्हणजे झग्याला, टाचून द्या. लोक आपणहून येऊन बोलतात.

राहता राहिले तुमच्या माहेरचे. त्यांच्या म्हणण्यामागे काळजी आहे, परक्या मुलखात पोरगी स्मशानात हिंडते याची. त्यांना रागावू नका. पण एवढं जरूर सांगा, तुमच्या लेकीची ही खापरपणजी आहे. आपल्याकडे पितृपक्षात बापाकडच्यांसोबत आईकडच्यांनाही पाणी देतात, आणि ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवलेली आहे. सांगलीत तुमच्या वडिलांना हे मला शिकवायला नको. एकदा सासूबाईंनाच व्हिडिओवर बसवून त्यांच्याशी बोलू द्या. धरणाला गाव गेलेली बाई काय म्हणते ते कृष्णाकाठच्या माणसाला चटकन कळेल.

लेकीला एक काम द्या. क्रेप कागदाची फुलं घरीच करा, सासूबाईंना येत असतील, त्यांच्या आईनं शिकवली असतील. मोजून दोन करू नका. टोपलीभर करा, आणि हातभर अंतराच्या दगडांसाठी लहान लहान वेगळी करा. नावेत बसताना टोपली तिच्याच मांडीवर असू द्या.

टीव्हीएच्या नोंदीत काही निघालं तर मला लगेच लिहा. त्या जुन्या कागदांवरची घाईची सही वाचायला कधीकधी दोन जोडी डोळे लागतात.